कुंडीतली पोचम्मा

ऐलव्वाला रागावण्यासाठी समोर माणूस असावाच लागे, असे नव्हते. सकाळचा पहिला राग मुंग्यांवर निघे, दुसरा चिमण्यांवर, तिसरा कोरड्या नळावर. आणि तोवर तिचा नवरा रायमल्लू उठलेला असे. जगित्यालमधल्या त्यांच्या घराच्या माडीवर मी बरीच वर्षे भाड्याने राहिलो. कॉलेजातले तास आटोपून परतलो की कठड्याशी खुर्ची टाकून बसावे आणि खाली परसात चाललेले ऐकावे, हा माझा नेम होता. लोक झाडांशी बोलतात असे मी वाचले होते. ऐलव्वा झाडांना बोलत असे.

"गाळ फुलं. अजून गाळ. एवढा शेणकाला घातला, तो काय तुला नुसतं हिरवं मिरवायला?" हे टोमॅटोला.

"तू आईच्याच वळणावर जाणार," हे दोडक्याच्या वेलाला. ज्या वेलाचे बी धरले होते, तो मागल्या वर्षी भिंत ओलांडून शेजारच्या परसात फळला होता, आणि शेजारणीने ते दोडके ऐलव्वाच्या देखत तोडून नेले होते.

उन्हाळा संपत आला की तिच्या तोंडाला खरी धार चढे. रोहिणी नक्षत्र लागलेले असे. दहा वाजता परसातली फरशी तव्यासारखी होई आणि दुपारी कावळेसुद्धा कडुनिंबाच्या आतल्या फांद्यांना चिकटून चोच उघडी टाकून बसत. अशा दिवसांत इतर घरांच्या परसात वाळलेल्या काटक्यांशिवाय काही उरत नसे. ऐलव्वाच्या परसात मिरचीचे रोप एका जुन्या सुती लुगड्याच्या छताखाली तग धरून असे. वांग्याची जुनी झाडे तिने गुडघ्याएवढी छाटून, बुडाशी भुईमुगाची टरफले पसरून ठेवलेली असत. पाऊस पडला की ती नव्याने फुटत. अबोली भिंतीच्या सावलीत सरकवलेली असे. आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली, जिथे ऊन फक्त चाळून येई, तिथे फुटक्या माठांच्या बुडांत तिची शेवंती असे.

त्या शेवंतीसाठी हे सगळे सांगतो आहे.

बाजारात मिळते ती शेवंती मोठी, फुगलेली, पांढरी नाहीतर पिवळी. ही रुपयाएवढी, विटकरी रंगाची, आणि पाकळी उलटली की मागून हळदी. वास किंचित कडवट. लग्नानंतरच्या पहिल्या बतुकम्माला ऐलव्वा माहेरी गेली, तेव्हा परत येताना आईने ओल्या फडक्यात गुंडाळून तिचे फुटवे दिले होते. पुढे ते खेडे धरणाखाली गेले, आई गेली, आणि ती शेवंती या परसाखेरीज कुठे उरली नाही. बतुकम्माच्या, म्हणजे नवरात्राच्या सुमाराच्या नऊ दिवसांत घराघरांत फुलांचा मनोरा रचतात. खाली तरवड, कुर्डू, झेंडू, आणि अगदी वर हळदीची गौरम्मा. गौरम्माच्या लगेच खालचा थर ऐलव्वाकडे या विटकरी शेवंतीचा असे. त्या थराशिवाय तिने एकही बतुकम्मा तळ्यात सोडली नव्हती.

तिने ती लपवून ठेवली होती असेही नाही. दर पावसाळ्यात साऱ्या गल्लीला ती मुळे फुटलेल्या काड्या वाटी, आणि दर उन्हाळ्यात सारी गल्ली त्या मारून टाकी. कुणी फुले झाल्यावर झाड उपटून टाकले, कुणी गच्चीवर विसरले, कुणाच्या बकरीने खाल्ले. तिची स्वतःची मुलगी वनजा, मंचिर्यालला दिलेली, तिने तर मुंग्या लागल्या म्हणून फिनेल ओतले होते. आणि एवढे करून याच बायका ऐन रोहिणीत ऐलव्वाच्या परसात शिरून कोवळे फुटवे खुडून नेत. मागून घेतलेली काडी जगत नाही, चोरलेली जगते, असा त्या गल्लीत ठाम समज होता.

"चोरायची तर पावसात चोरा की गं!" ऐलव्वा कुंपणाशी उभी राहून ओरडे. "रोहिणीत काडी लागत नाही. तुमचीही मरते, माझंही झाड मरतं. चोरीचीसुद्धा अक्कल नाही!"

त्या वर्षी रोहिणी लागली आणि मंचिर्यालहून फोन आला. वनजाचे हे दुसरे बाळंतपण, म्हणून ते सासरीच व्हायचे ठरले होते. पण विहीणबाई न्हाणीघरात घसरल्या आणि हात मोडून बसल्या.

"हात मोडायला रोहिणीच सापडली त्यांना," ऐलव्वा फोन ठेवून म्हणाली. "मृगात मोडला असता तर काय बिघडलं असतं?"

"मी आहे ना घरी," रायमल्लू म्हणाला. तो बस डेपोतून निवृत्त झालेला, सावकाश, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. दुपारी ताडी पिऊन पडवीत झोपणे आणि आल्यागेल्याला हो म्हणणे, या दोन गोष्टी तो मनापासून करी.

"तुम्ही आहात, तीच तर काळजी आहे. इकडे या. ही वाटी बघा. वाटी कळते का?"

"कळते."

"पहाटे, सूर्य वर यायच्या आत, एकेका कुंडीला ही वाटीभर. माती बोटाला कोरडी लागली तरच. दुपारी झाडं मान टाकतील, टाकू द्या. संध्याकाळी आपोआप उचलतात."

"आणि नाही उचलली तर?"

"तर तुम्हीपण मान टाका, पण पाणी घालू नका! उन्हात तापलेल्या मातीत पाणी साचलं की शेवंती बुडाशी सडते. तहानेनं नाही मरत ती. लाडानं मरते."

"बरं."

"आणि कुणाला खुडू द्यायचं नाही."

"बरं."

त्या "बरं"वर तिचा काडीचा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कठड्याशी आलो, तेव्हा ऐलव्वा उकिडवी बसून माठांच्या बुडांना हळद फासत होती. हळदीवर कुंकवाची बोटे उठवली, मातीत कडुनिंबाचे डहाळे खोचले आणि कढीपत्त्याच्या खोडाला हिरवा खण बांधला. मग तिने वर पाहिले.

"सारू, तुम्ही काही बघितलं नाही."

"नाही बघितलं."

"शिकलेल्या माणसांचं हे बरं असतं. सांगितलं की आंधळी होतात."

गल्लीच्या तोंडाशी पोचम्माचे लहानसे देऊळ होते, पत्र्याच्या छपराचे. लेकराच्या अंगावर देवी उठवणारी आणि उतरवणारी ती हीच. उन्हाळ्यात ती तापते, म्हणून बायका हळद-कडुनिंबाचे पाणी नेऊन तिला थंड करीत. त्या सकाळी नळावर बायका जमल्या असताना ऐलव्वाने सांगून टाकले, की पोचम्मा तिच्या स्वप्नात आली आणि शेवंतीच्या कुंड्यांत येऊन बसली. आता मृग लागेपर्यंत त्या कुंड्यांना कुणी बोट लावायचे नाही.

समोरच्या घरातली लच्चव्वा ऐलव्वाच्याच वयाची. तिचा सहजासहजी विश्वास बसेना.

"तुझ्याकडे कशाला येईल? तिला देऊळ आहे की."

"मला काय विचारतेस? तिला विचार जा. पत्र्याखाली भाजून निघाले म्हणाली."

हे शेवटचे वाक्य तिला ऐन वेळी सुचले होते, आणि ते तिला फार आवडले असावे. पिशवी उचलून मंचिर्यालच्या बसकडे जाताना ती चक्क हसत होती.

युक्ती लागू पडली. कुंपणापाशी घुटमळणारे हात दिसेनासे झाले. बायका जाता-येता लांबून नमस्कार करीत. रायमल्लू पहाटे उठून वाटीने पाणी घाली आणि मला वाटी दाखवी. शेवंती दुपारी मान टाकी, संध्याकाळी उचली.

मग एका दुपारी लच्चव्वाची सून स्वरूपा आली. पंचविशीची, अबोल मुलगी; तान्ही लेक कडेवर. तापलेल्या फरशीवर अनवाणी पावलांनी ती कढीपत्त्याखाली गेली, तांब्यातले हळदीचे पाणी तिने कुंड्यांवर ओतले, सगळेच्या सगळे, आणि डोळे मिटून पुटपुटत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती दोन तांबे घेऊन आली. तिसऱ्या दिवशी बरोबर लच्चव्वा होती, आणि तिच्या हातात घागर होती.

त्यानंतर गल्लीला काही सांगावे लागले नाही. देवी पत्र्याखाली भाजली होती, हे ऐलव्वाच्याच तोंडचे होते. मग तिला थंड नको का करायला? बायका ऐन दुपारी येत, कारण देवी ऐन दुपारीच तापते. कुणी ताक ओतले, कुणी नारळाचे पाणी. विटा आणून कुणीतरी कुंड्यांभोवती ओटा बांधला. रायमल्लू ताडीचे मडके घेऊन आला आणि त्याने रीतीप्रमाणे देवीला धार धरली.

"अर्धी तिला, अर्धी मला," तो मला म्हणाला. "भांडण नको."

"रायमल्लू, पाणी फार होतंय."

"सारू, बायका पोचम्माला पाणी घालतायत, आणि मी नको म्हणू? तुम्ही म्हणा. तुमचं शिक्षण झालंय."

ऐलव्वाला दिलेला शब्द मोडल्याखेरीज मला पुढे काही बोलता येण्यासारखे नव्हते. मंचिर्यालहून ती फोन करी, तेव्हा पडवीतून रायमल्लूचे उत्तर वर ऐकू येई: "पाणी? अगदी वेळेवर मिळतंय. तू पोरीकडे बघ."

वनजाला मुलगा झाला. विहीणबाईंची बहीण मदतीला आली आणि मृग लागायला थोडे दिवस असताना ऐलव्वा परतली. रिक्षातून उतरून ती सरळ परसात आली. तिथे तीन बायका तांबे रिकामे करीत होत्या.

"आलीस का पेद्दम्मा!" त्यांतली एक म्हणाली. गल्लीतल्या सुना तिला पेद्दम्मा, म्हणजे मोठी आई, म्हणत. "बघ, तुझ्या पोचम्माला किती थंड ठेवलं आम्ही!"

मी कठड्याशी होतो. ऐलव्वा ओट्याशी वाकली. पाने पिवळी पडून लोंबत होती, दांड्या मातीजवळ काळ्या झाल्या होत्या. तिने एकीला नुसता हात लावला आणि दांडी वर आली, मुळांशिवाय. ती दांडी पदराखाली घेऊन ऐलव्वा घरात गेली. थोड्या वेळाने भांडी आपटल्याचा आवाज येऊ लागला.

"वाटीभर सांगितलं होतं!"

"मी वाटीभरच घातलं. बाकीचं लोकांनी घातलं."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"देवाच्या कामात मी कसा पडू? ती येऊन बसली, हे तूच सांगितलंस."

"बसली नव्हती हो! मी बसवली होती!"

रायमल्लूने एक भांडे उचलून जागेवर ठेवल्याचा आवाज आला.

"मग बसलीच की."

पुढचे दिवस फार वाईट गेले. चोरणाऱ्यांना ऐलव्वा शिव्या देऊ शकत होती. भक्तांना काय बोलणार? खोटे बोलले म्हणावे, तर देवीच्या नावाने खोटे बोलल्याचे पाप कबूल करावे लागणार. न बोलावे, तर रोज दुपारी डोळ्यांदेखत घागरी ओतल्या जाणार. तिने रोज एकेक कुंडी उकरून पाहिली. मुळे तपकिरी, मऊ, चिमटीत सालासारखी सुटणारी. शेवटच्या कुंडीत एक दांडी हिरवट होती. ती तिने सुरीने चिरली, तर आतून तीही काळी. मग ती घरोघर गेली. मागे दिलेल्यांतली एखादी कुठे जिवंत आहे का? नव्हती. "वाळली गं." "उपटली चुकून." लच्चव्वाच्या दारात स्वरूपा उभी होती, ती प्रश्न ऐकताच आत निघून गेली.

"माज बघा," ऐलव्वा परत येताना म्हणाली. त्या संध्याकाळी ती परसात रिकाम्या माठांच्या बुडांशी बसून राहिली आणि तिने टोमॅटोलासुद्धा काही म्हटले नाही. मी खाली गेलो, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "सारू, आईचं तेवढंच होतं हो माझ्याकडं. यंदा गौरम्माच्या खाली काय लावू? बाजारातली कोबीएवढी पांढरी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वरूपा आली. या वेळी तांब्या नव्हता. लेकीला छातीशी धरून ती पडवीच्या पायरीवर बसली आणि रडू लागली.

"पेद्दम्मा, माझ्या हातून पाप झालंय."

"तुझ्या एकटीच्या? अख्ख्या गल्लीच्या हातून झालंय. पाणी पाणी पाणी! लग्नात तरी एवढं घालतात का पाहुण्यांना?"

"पाण्याचं नाही. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथले फुटवे खुडले. देवी बसली होती तरी खुडले. या वर्षी माझी स्वतःची बतुकम्मा करायची होती, तुमच्यासारखी." तिने नाक पुसले. "आणि तिसऱ्या दिवशी हिच्या अंगावर देवी आल्या. म्हणून मी पाणी घालायला लागले. माझं बघून सगळ्या."

ऐलव्वाने तिच्याकडे नीट पाहिले.

"खुडलेल्या काड्या कुठं आहेत?"

"रांजणाखाली. ओल्या वाळूत खोचल्यात."

"मेल्या असतील."

"नाही. लागल्यात."

"रोहिणीत काडी लागत नाही."

"लागल्यात, पेद्दम्मा. नवीन पानं आलीत."

"अगं, लागत नाही म्हटलं ना! चाळीस वर्षं मी..." ऐलव्वा थांबली. रांजण घराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात असतो. झिरपून झिरपून त्याच्याखालची वाळू ओली राहते, पण तिच्यात पाणी कधी साचत नाही. हे तिच्या ध्यानात आले, आणि आपल्याला हे कधीच सुचले नाही याचाही राग आला, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले. मग तिने हात पुढे केला. "आण इकडे पोरीला."

लेकीची मान, काखा, पाठ तिने पाहिली.

"हे घामोळं आहे."

"डॉक्टरपण तेच म्हणाले."

"मग?"

"डॉक्टरांना कुठं माहीत, मी काडी चोरलीय ते?"

आता ऐलव्वाला फक्त गप्प बसायचे होते. ती गप्प राहिली असती, तर घाबरलेल्या स्वरूपाने त्याच पावली काड्या आणून तिच्या पायाशी ठेवल्या असत्या. मी वरून पाहत होतो. ऐलव्वाने लेकीच्या पाठीवरून पदराने वारा घातला, एकदा ओट्याकडे पाहिले, आणि कमालीच्या वैतागाने बोलायला सुरुवात केली.

"ऐक बिड्डा, ऐक पोरी. तिथं कुणी आलंबिलं नव्हतं. मला स्वप्न पडलं नाही. उन्हाळ्यात मला झोप लागत नाही, स्वप्न कुठलं पडतंय? तुमचे हात आवरेनात, म्हणून हळद मी फासली. कळलं? तू माझी काडी चोरलीस. देवीची नाही. तुझ्या पोरीला कुणी काही केलेलं नाही."

स्वरूपाने घाईघाईने दोन्ही कान धरले.

"रागात असं बोलू नका, पेद्दम्मा. ती ऐकते."

"अगं, कोण ऐकते?"

"पाणी घातलं, तसं पोरीचं अंग निवलं. मी बघितलंय."

"आभाळ भरून आलंय दोन दिवस, म्हणून निवलं! मी खोटं बोलले, मी सांगतेय ना!"

"माझा जीव हलका व्हावा म्हणून तुम्ही सगळं स्वतःवर घेताय," स्वरूपा म्हणाली आणि तिने ऐलव्वाच्या पायांवर डोके ठेवले. "तुमचं मन फार मोठं आहे."

हा आरोप ऐलव्वावर आजवर कुणी केला नव्हता. ती तडक नळावर गेली आणि चारचौघींत तिने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितले. लच्चव्वाने सगळे ऐकून घेतले आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "मंचिर्यालचं ऊन डोक्यात गेलंय. ताक द्या गं हिला कुणीतरी."

मृग लागला त्या सकाळी आभाळ उतरून आले होते. मृगाची रीत म्हणून गल्लीत घरोघर मासळी शिजत होती. लच्चव्वा आणि स्वरूपा पळसाच्या द्रोणांत काड्या घेऊन परसात आल्या. मागोमाग निम्मी गल्ली. काड्या खरोखर लागल्या होत्या. बोटभर उंच, वर दोन-दोन ताजी पाने, खाली वाळूला धरलेली पांढरी मुळे. ऐलव्वाचे हात आपोआप पुढे झाले.

"दे माझ्याकडं."

"तुझ्याकडं कशाला?" लच्चव्वाने द्रोण मागे घेतले. "देवीचं घेतलं होतं, ते देवीलाच परत."

"माझं आहे ते! माझ्या आईचं!"

"पुन्हा सुरू झालं हिचं. लाव गं स्वरूपा."

ओट्यातल्या चिखलावर नवी माती टाकून स्वरूपाने काड्या लावल्या. लावल्या चांगल्या. आणि मग लच्चव्वाने काठोकाठ भरलेली घागर उचलली. तिच्यामागे दुसरीने तांब्या उचलला, तिच्यामागे तिसरीने.

ऐलव्वाच्या घशातून जो आवाज निघाला, त्याचे वर्णन मी करू शकणार नाही. तिचा अंबाडा सुटला. ती जागच्या जागी डोलू लागली. बायका घागरीसकट मागे सरल्या.

"आली! अंगात आली!"

"निवाले मी!" ऐलव्वा किंचाळली. "निवाले! बुडवता का मला? ठेव ती घागर खाली!"

घागर खाली गेली. कुणीतरी धावत जाऊन लिंबू आणले. लच्चव्वाने हात जोडले. "आई, चुकलं. किती पाणी घालू, तू सांग."

"वाटीभर! पहाटे! सूर्य वर यायच्या आत! माती बोटाला कोरडी लागली तरच!"

"दुपारी नको, आई?"

"दुपारी घालील तिच्या घरात वीतभर चिखल करीन!"

पडवीच्या खांबाला टेकून रायमल्लू उभा होता. मी तोवर जिन्याशी आलो होतो. तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "सारू, हे मी कुठंतरी ऐकलंय."

लच्चव्वाने सुनेला पुढे ढकलले. "आई, या लेकराचं? हिच्या हातून तुझी काडी खुडली गेली."

डोलणे क्षणभर मंदावले. ऐलव्वाचे डोळे मिटलेले होते, पण कपाळावरची आठी तिचीच होती.

"खुडली नाही. मी दिली. तिचा हात चांगला आहे, म्हणून दिली. लेकराला घामोळं आहे! ते लोकरीचं टोपडं काढा आधी. सैल सुती झबलं घाला! ऐकतच नाही मेली कुणी!"

स्वरूपाने तिथल्या तिथे लेकीच्या डोक्यावरचे टोपडे काढले. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. ऐलव्वा धपकन फरशीवर बसली, पाणी मागितले, आणि काय झाले म्हणून साऱ्यांना विचारले. साऱ्यांनी तिला सविस्तर सांगितले.

त्या दिवसापासून गल्लीने शेवंतीला वाटीभराहून थेंब अधिक घातला नाही. पाळी लावून घेतली होती. पहाटे जिची पाळी असेल ती येई, मातीत बोट घाली आणि गरज नसली तर परत जाई. खरे सांगितले तेव्हा आपल्याला ताक पाजायला निघालेल्या बायका खोट्यावर कशा सुतासारख्या सरळ झाल्या, याचे नवल ऐलव्वाला कधी वाटले नाही. तिला फक्त राग येई. पावसाळा सरता सरता काड्यांची झुडपे झाली. तरी ती देवीची. ऐलव्वाला त्यांवर हक्क सांगता येईना. एका दुपारी, सारी गल्ली जेवून निजलेली असताना, ती ओट्याशी आली. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. वर पाहिले, मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. मग तिने चार बोटे लांबीचे दोन शेंडे चटकन खुडले, दोन पावले गेली, परत फिरली, आणि दात-ओठ खात ओट्याला हात जोडले. ते शेंडे तिने स्वयंपाकघरात रांजणाखालच्या वाळूत खोचले.

वनजा तान्ह्याला घेऊन बतुकम्माला माहेरी आली. पहिल्या दिवशी शेवंतीला नुसत्या कळ्या होत्या. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही कळ्याच. सहाव्या दिवशी देवी रुसलेली असते, म्हणून त्या दिवशी कुठेच बतुकम्मा रचत नाहीत. सारी गल्ली आळसावलेली होती. मी चहाचा पेला घेऊन कठड्याशी आलो, तर खालून आवाज आला.

"आज? आजच सुचलं तुला? पाच दिवस तोंड मिटून बसलीस आणि आज उमलतेस? आज कोण विचारतंय तुला?"

कढीपत्त्याखाली ओट्यावर आणि त्याच्या शेजारी एका नव्या कुंडीत विटकरी फुले उघडली होती. ऐलव्वा मातीत बोट घालून पाहत होती. माती कोरडी लागली असावी, कारण तिने वाटी उचलली.